हजारो क्लायंटसाठी क्लायंट सर्टिफिकेट तपासणी: कोणत्या क्रमाने उभी करावी आणि कुठे बिघडते

एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये दोन ओळी लिहिल्या की सर्व्हर क्लायंटकडे सर्टिफिकेट, म्हणजे ओळखीचा डिजिटल दाखला, मागू लागतो. दहा-वीस क्लायंट असतील तर तेवढ्यावर भागतेही. क्लायंट हजारांत गेले की त्याच दोन ओळींमुळे एखाद्या सकाळी सगळी सेवा बंद पडते. कधी त्याहून वाईट होते: दार उघडे राहते आणि महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. दोन्हींच्या मुळाशी बहुधा क्रमाची चूक असते. सक्ती आधी लागू होते. नूतनीकरण कसे करायचे, सर्टिफिकेट रद्द कसे करायचे, सीए (सर्टिफिकेटवर सही करून ते देणारा) कसा बदलायचा हे नंतर सुचते. खालच्या टप्प्यांत सक्ती नवव्या क्रमांकावर आहे, आणि ती तिथेच हवी.

उदाहरणे एनजिनएक्सची घेतली आहेत. एन्व्हॉय, एचएप्रॉक्सी किंवा क्लाउडमधला तयार लोड बॅलन्सर वापरत असाल तर सेटिंगची नावे बदलतील, क्रम बदलणार नाही.

## टप्पा 1: टीएलएस नक्की कुठे संपते ते शोधा

क्लायंट सर्टिफिकेट तपासता येते ते टीएलएस (जोडणी एन्क्रिप्ट करणारा प्रोटोकॉल) सुरू होतानाच्या हँडशेकमध्ये, म्हणजे जिथे हँडशेक संपतो तिथेच. पुढे सीडीएन (मजकूर जवळून पुरवणारे सर्व्हरचे जाळे) असेल आणि टीएलएस तिथे उघडत असेल तर तुमच्या सर्व्हरपर्यंत सर्टिफिकेट पोहोचतच नाही. मग मागच्या सर्व्हरवर कितीही सेटिंग केल्या तरी उपयोग नाही. क्लायंटपासून ॲप्लिकेशनपर्यंतचा मार्ग कागदावर काढा आणि प्रत्येक ठिकाणी लिहा: इथे टीएलएस उघडते की फक्त टीसीपी पुढे जाते?

तपासणीसाठी वेगळे होस्टनेम ठेवा. एकाच होस्टवर काही पाथ खुले आणि काही सर्टिफिकेटवाले ही मांडणी टाळा. पाथ कळतो हँडशेक झाल्यावर, त्यामुळे सर्टिफिकेट मध्येच मागावे लागते. टीएलएस 1.3 मध्ये रीनिगोशिएशन (मध्येच पुन्हा हँडशेक) नाही, आणि हँडशेकनंतर सर्टिफिकेट मागण्याची जी सोय आहे ती एचटीटीपी/2 वर वापरायला मनाई आहे.

तपासा: मूळ सर्व्हरचा आयपी थेट वापरून, सीडीएन किंवा लोड बॅलन्सर टाळून विनंती पाठवा. उत्तर आले तर आधी ते दार बंद करा. पुढच्या सगळ्या मेहनतीला त्याशिवाय अर्थ नाही.

## टप्पा 2: या कामासाठीच वेगळा सीए

सर्वांत महाग पडणारी चूक इथे होते. कंपनीचा रूट सीए (सर्वांत वरचा, बाकी सीएंवर सही करणारा) आधीपासून असतो, तोच विश्वासाच्या यादीत टाकला जातो. मग त्या रूटखाली वायफायसाठी, लॅपटॉपसाठी, चाचणीसाठी दिलेले प्रत्येक क्लायंट सर्टिफिकेट तुमच्या एपीआयवर चालू लागते. सह्यांची साखळी रूटपर्यंत बरोबर जुळते, सर्व्हर होकार देतो, लॉगमध्ये सगळे हिरवे दिसते.

सार्वजनिक सीएची सर्टिफिकेटही या कामाला घेऊ नका. त्या सीएकडून जगात कोणीही सर्टिफिकेट घेऊ शकतो. शिवाय क्रोमच्या रूट धोरणामुळे सार्वजनिक सीए वेबसाइटच्या सर्टिफिकेटमधून क्लायंट म्हणून वापरण्याची परवानगी काढून घेत आहेत, त्यामुळे आज चालणारी जोडणी पुढच्या नूतनीकरणाला तुटेल.

सोपी मांडणी अशी:

- रूट सीए: की ऑफलाइन, मुदत सुमारे 10 वर्षे.
- मधला सीए: सर्टिफिकेट देणारा, मुदत 3 ते 5 वर्षे, पाथ लेंग्थ 0. म्हणजे तो आपल्याखाली आणखी सीए तयार करू शकत नाही. की एचएसएममध्ये (की जपणाऱ्या खास उपकरणात) किंवा क्लाउडच्या की-व्यवस्थेत.
- क्लायंट सर्टिफिकेट: मुदत 7 ते 90 दिवस.

भागीदार कंपन्या आणि तुमच्या अंतर्गत सेवा यांच्यासाठी दोन वेगळे मधले सीए ठेवा. एकाची की फुटली तर दुसऱ्याला हात लावावा लागू नये.

## टप्पा 3: सर्टिफिकेटमध्ये काय लिहायचे

किमान या गोष्टी ठरवून टाका:

1. एक्स्टेंडेड की युसेज (की कशासाठी वापरायची): फक्त क्लायंट ऑथेंटिकेशन, ओआयडी 1.3.6.1.5.5.7.3.2. सर्व्हर ऑथेंटिकेशन सोबत देऊ नका. नाहीतर क्लायंटची चोरलेली की वापरून कोणी आतल्या सेवेचे सोंग घेऊ शकेल.
2. की: पी-256 ईसीडीएसए. जुनी उपकरणे असतील तर आरएसए 2048.
3. ओळख: सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेममध्ये यूआरआय स्वरूपात. स्पिफी (सेवांना ओळख देण्याचे मानक) पद्धतीचे नाव सोयीचे पडते: आधी ट्रस्ट डोमेन, मग सेवेचा मार्ग.
4. सीरियल: यादृच्छिक, किमान 64 बिट. 1, 2, 3 असे चढते क्रमांक नकोत.
5. सुरुवातीची वेळ: प्रत्यक्ष वेळेच्या 5 मिनिटे आधीची. सर्व्हरचे घड्याळ किंचित मागे असेल तर नवे सर्टिफिकेट ‘अजून वैध नाही’ म्हणून नाकारले जाते, आणि अर्ध्या तासाने तेच चालू लागते. असा दोष शोधणे फार त्रासदायक असते.

ओळख कॉमन नेममध्ये ठेवून पूर्ण डीएनवर (सर्टिफिकेटमधल्या धारकाच्या संपूर्ण नावावर) रेगेक्स लावण्याचा मोह टाळा. डीएन मजकुरात कसा लिहिला जातो हे सॉफ्टवेअरवर आणि त्याच्या आवृत्तीवर अवलंबून असते. एनजिनएक्सने 1.11.6 मध्ये तो क्रम आणि विभाजक चिन्हे बदलली, आणि जुन्या स्लॅशवाल्या स्वरूपावर बेतलेले नियम तेव्हा जुळेनासे झाले. शिवाय नावाच्याच आत स्वल्पविराम किंवा स्लॅश घुसवून सैल रेगेक्सला चकवता येते.

सावधान: सीएसआरमधली (सर्टिफिकेटसाठी क्लायंटने पाठवलेल्या अर्जातली) एक्स्टेन्शन जशीच्या तशी सर्टिफिकेटमध्ये उतरवू नका. ओपनएसएसएलच्या सीए कॉन्फिगरेशनमध्ये ‘कॉपी ऑल’ ठेवले असेल, तर ‘मी सीए आहे’ असे लिहिलेली सीएसआर पाठवणाऱ्याच्या हाती खरोखरच सीए पडू शकतो. एक्स्टेन्शन तुमच्या साच्यातून यावीत. सीएसआरमधून फक्त पब्लिक की घ्या.

## टप्पा 4: वाटप आणि नूतनीकरण, तेही स्वयंचलित

प्रायव्हेट की क्लायंटच्या यंत्रावरच तयार व्हावी आणि तिथून हलू नये. की तुम्ही तयार करून ईमेलने पाठवली की ती कोणाकोणाच्या इनबॉक्समध्ये, बॅकअपमध्ये राहिली याचा हिशेब कधीच लागत नाही. एसीएमई, ईएसटी किंवा उपकरणांसाठी एससीईपी, या स्वयंचलित वाटपाच्या प्रोटोकॉलपैकी क्लायंटला जे जमेल ते निवडा.

नूतनीकरण मुदतीच्या दोन तृतीयांशावर सुरू करा. 30 दिवसांचे सर्टिफिकेट असेल तर विसाव्या दिवशी. उरलेले 10 दिवस दोष शोधायला मिळतात. सगळ्या क्लायंटना एकाच मिनिटाला जागे करू नका. वेळेत काही तासांचा यादृच्छिक फरक ठेवा, नाहीतर सीएवर एकदम गर्दी होते.

दोन गोष्टी इथे हमखास राहतात:

- नवे सर्टिफिकेट डिस्कवर आले, पण प्रोसेस जुनेच वापरते. बऱ्याच एचटीटीपी लायब्ररी सुरुवातीला एकदाच फाइल वाचतात. नूतनीकरण यशस्वी दिसते आणि मुदतीच्या दिवशी जोडणी तुटते. त्यामुळे डिस्कवरची फाइल पाहून समाधान मानू नका. सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या क्लायंटचा नवा सीरियल दिसला तरच नूतनीकरण झाले असे धरा.
- बंद पडून असलेले उपकरण. तीन महिन्यांनी चालू झाले तेव्हा सर्टिफिकेट संपलेले असते, आणि नूतनीकरणाच्या पत्त्यालाही वैध सर्टिफिकेटच हवे असते. त्याला बाहेरून मदत केल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून पुन्हा नोंदणीची वेगळी वाट आधीच ठेवा: उपकरणात उत्पादनाच्या वेळी बसवलेले दीर्घ मुदतीचे ओळख-सर्टिफिकेट, किंवा एकदाच चालणारा टोकन.

माणसांना ब्राउझरसाठी सर्टिफिकेट देत असाल तर पीकेसीएस 12 फाइल (सर्टिफिकेट आणि की एकत्र ठेवणारी) लागेल. ओपनएसएसएल 3 या फाइलला डीफॉल्टने नवे एन्क्रिप्शन लावते. काही जुन्या प्रणाली ते उघडू शकत नाहीत आणि ‘पासवर्ड चुकीचा’ एवढेच सांगतात. पासवर्ड बरोबर असतो. अशा वापरकर्त्यांसाठी ‘लेगसी’ पर्याय वापरून फाइल तयार करा.

## टप्पा 5: तपासणी चालू, सक्ती नाही

आता सर्व्हरला हात लावा. ‘एसएसएल क्लायंट सर्टिफिकेट’ या सेटिंगमध्ये सीएची साखळी द्या आणि ‘एसएसएल व्हेरिफाय क्लायंट’ला ‘ऑप्शनल’ ठेवा. ‘एसएसएल व्हेरिफाय डेप्थ’ डीफॉल्टने 1 असते. साखळीत दोन मधले सीए असतील तर ती वाढवावी लागते.

‘ऑप्शनल’बद्दल एक गैरसमज आहे. सर्टिफिकेट आलेच नाही तर विनंती पुढे जाते, हे खरे. पण सर्टिफिकेट आले आणि ते चुकीचे निघाले, तर एनजिनएक्स 400 परत करतो. म्हणजे कालपर्यंत जो क्लायंट भलतेच सर्टिफिकेट पाठवत होता आणि कोणी बघत नव्हते, तो आज तुटेल. ‘ऑप्शनल नो सीए’ हा पर्याय अनोळखी सीएची सर्टिफिकेटही आत घेतो. मुदत संपलेली मात्र तिथेही नाकारली जातात. निरीक्षणाच्या काळात तो कामाचा आहे, पण तो वापरताना ॲप्लिकेशनने ‘सर्टिफिकेट आले का’ एवढेच पाहणे म्हणजे कोणाही स्वतःच सही केलेल्या सर्टिफिकेटला प्रवेश देणे. तपासणीचा निकाल वाचा: ‘सक्सेस’, ‘फेल्ड’ आणि पुढे कारण, किंवा ‘नन’.

लॉगमध्ये प्रत्येक विनंतीसोबत हे लिहा: निकाल, सीरियल, इश्यूअरचे नाव, ओळख, मुदतीची तारीख, टीएलएसची आवृत्ती आणि सेशन नवे की पुनर्वापराचे. शेवटची गोष्ट आठव्या टप्प्यात लागेल.

क्लायंट म्हणतो ‘सर्टिफिकेट पाठवतोय’ आणि सर्व्हर म्हणतो ‘नन’, असे झाले तर आधी सर्व्हरने जाहीर केलेली सीएंची यादी पाहा. ओपनएसएसएलच्या एस-क्लायंट कमांडने ती दिसते. जावासह बरेच क्लायंट त्या यादीत आपला इश्यूअर सापडला नाही तर काहीही न पाठवता गप्प बसतात, चूकही दाखवत नाहीत. निकाल ‘फेल्ड’ आला तर नेहमीचे कारण वेगळे: क्लायंटने फक्त आपले सर्टिफिकेट पाठवले, मधल्या सीएचे जोडले नाही, आणि सर्व्हरकडेही ते नव्हते. तेव्हा सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘लोकल इश्यूअर सर्टिफिकेट मिळाले नाही’ या अर्थाची ओळ येते.

तपासा: या आठ चाचण्या मुद्दाम तयार करून ठेवा आणि प्रत्येक बदलानंतर चालवा: वैध; काहीच नाही; मुदत संपलेले; सुरुवातीची वेळ उद्याची असलेले; दुसऱ्या सीएचे; सीएचे नाव तेच पण की वेगळी असलेले बनावट; फक्त सर्व्हर ऑथेंटिकेशनवाले; रद्द केलेले. निकाल हातांनी पाहू नका, चाचणीत बसवा.

## टप्पा 6: ओळख मागच्या सेवेपर्यंत सुरक्षित न्या

एजवर, म्हणजे टीएलएस उघडणाऱ्या पुढच्या सर्व्हरवर, तपासणी झाली की ओळख हेडरमधून पुढे जाते. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या: सर्टिफिकेट गुप्त नसते. क्लायंटकडे की आहे हे सिद्ध होते हँडशेकमधल्या सहीने, आणि ती सही एजवरच संपते. हेडरमधले सर्टिफिकेट कोणीही चिकटवू शकतो. मागच्या सेवेने ते स्वतः पुन्हा तपासले, साखळी बरोबर निघाली, तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून:

1. बाहेरून आलेले ते हेडर एजने प्रत्येक विनंतीत पुसून मग स्वतःचे लिहावे. सर्टिफिकेट आले नसेल तेव्हाही पुसावे. विसर पडतो तो याच वाटेवर. आरएफसी 9440 ने ‘क्लायंट-सर्ट’ हे हेडर यासाठी ठरवले आहे. एन्व्हॉयमध्ये ‘सॅनिटाइझ सेट’ हा पर्याय हे काम करतो.
2. अधोरेखा आणि संयोगचिन्ह यांचा घोळ तपासा. काही ॲप्लिकेशन फ्रेमवर्क दोन्ही नावे एकच मानतात, त्यामुळे एका स्वरूपातले हेडर पुसले तरी दुसरे आत शिरते.
3. मागच्या सेवेने फक्त एजकडूनच जोडणी घ्यावी. नेटवर्कचे नियम हवेतच, शक्य असेल तर तिथेही एमटीएलएस (दोन्ही बाजूंनी सर्टिफिकेट तपासणे).

आणि परवानगी वेगळी ठेवा. तपासणी ‘हा कोण’ एवढेच सांगते. ‘याला हे चालेल का’ हे ओळख, पद्धत आणि पाथ यांच्या तक्त्यावरून ठरवा, आणि तक्त्यात नाव नसेल तर उत्तर नकार. ओळखीची तुलना पूर्ण जुळवणीने करा. ‘या अक्षरांनी सुरू होते’ असल्या नियमांनी नको.

## टप्पा 7: रद्द करण्याची वाट सक्तीच्या आधी तयार हवी

सीआरएल (रद्द सर्टिफिकेटची यादी) लावताना एनजिनएक्स साखळीतल्या प्रत्येक सीएची सीआरएल मागतो, रूटचीसुद्धा. फक्त मधल्या सीएची दिली तर एकजात सगळे क्लायंट नाकारले जातात. दोन्ही सीआरएल एकाच पेम फाइलमध्ये जोडा.

दुसरा सापळा तारखेचा. सीआरएलवर ‘पुढची आवृत्ती या तारखेपर्यंत’ असे लिहिलेले असते. ती तारीख उलटली की सीआरएल संपली आणि सगळे बाहेर. ऑफलाइन रूटची सीआरएल वर्षभराची काढलेली असते, आणि वर्षाने ती आठवणीत ठेवणारे कोणी नसते. सीआरएलच्या मुदतीवर सर्टिफिकेटइतकीच कडक सूचना लावा: मधल्या सीएची रोज काढून 7 दिवसांची ठेवली तर सहा दिवस चुकण्याची मुभा मिळते.

फाइल बदलल्यावर रीलोड लागतो. एनजिनएक्स आपणहून ती पुन्हा वाचत नाही. रीलोडनंतरही उघड्या जोडण्या जुन्या वर्करवर चालूच राहतात. वेबसॉकेट असेल तर रद्द झालेला क्लायंट तासन्‌तास आत बसू शकतो. ‘वर्कर शटडाउन टाइमआउट’ला मर्यादा घाला.

सीआरएलमधली एक नोंद साधारण 40 बाइटची, म्हणजे एक लाख नोंदींची फाइल 4 एमबीच्या आसपास, प्रत्येक एजवर. मोठ्या प्रमाणावर आम्ही सुचवू ते असे: मुदत आठवड्याभराची ठेवा आणि तातडीच्या रद्दीसाठी परवानगीच्या तक्त्याशेजारी नकारयादी ठेवा. यादीत इश्यूअर आणि सीरियल अशी जोडी असावी, कारण सीरियल एका सीएपुरताच एकमेव असतो. ही यादी विनंतीगणिक तपासली जाते, त्यामुळे उघड्या एचटीटीपी जोडणीलाही लागू पडते. सर्टिफिकेटची मुदत संपली की नोंद काढा. यादी लहान राहते.

ओसीएसपी (सर्टिफिकेट रद्द आहे का हे रिस्पॉन्डर नावाच्या सर्व्हरला त्याच क्षणी विचारणे) हवे असेल तर रिस्पॉन्डर बंद पडल्यावर काय करायचे हे लिहून ठेवा. आत घेतले तर हल्लेखोर रिस्पॉन्डरच अडवेल. नाकारले तर रिस्पॉन्डरसोबत सेवाही पडेल.

## टप्पा 8: सेशन पुनर्वापराचे छिद्र

सेशन पुन्हा वापरले जाते तेव्हा क्लायंट सर्टिफिकेट नव्याने पाठवले जात नाही; आधीच्या हँडशेकचा निकाल गृहीत धरला जातो. टीएलएस 1.3 मध्ये यासाठी क्लायंटला दिलेल्या तिकिटाचे आयुष्य 7 दिवसांपर्यंत असू शकते. मधल्या काळात सर्टिफिकेट रद्द झाले तरी तिकीट चालू राहू शकते.

याहून गंभीर प्रकार होस्ट बदलण्याचा. एकाच आयपी आणि पोर्टवर दोन सर्व्हर ब्लॉक, दोघांचे विश्वासातले सीए वेगळे, आणि तिकिटाच्या की किंवा कॅश सामाईक. एका ब्लॉकवर मिळालेले सेशन दुसऱ्यावर वापरून तपासणी टाळता येत होती. एनजिनएक्समधला हा दोष सीव्हीई-2025-23419 म्हणून नोंदला गेला आणि 1.26.3 व 1.27.4 मध्ये दुरुस्त झाला. तुमची आवृत्ती त्याआधीची असेल तर इथेच थांबून आधी ती बदला.

त्यानंतरही एमटीएलएसच्या होस्टवर तिकिटे बंद ठेवणे आम्हाला योग्य वाटते. पूर्ण हँडशेकचा खर्च वाढतो, तो जोडण्या जास्त वेळ उघड्या ठेवून भरून काढा. तिकिटे ठेवायचीच असतील तर प्रत्येक विश्वासगटाला वेगळी की आणि तासाभराच्या आत आयुष्य.

तपासा: अ होस्टवर वैध सर्टिफिकेटने सेशन घ्या, ते जतन करा आणि सर्टिफिकेट न देता ब होस्टवर वापरा. मग एसएनआय (हँडशेकमध्ये सांगितलेले होस्टनेम) अ होस्टचा आणि होस्ट हेडर ब होस्टचा अशी विनंती पाठवा. दुसऱ्या चाचणीत 421 यायला हवे.

## टप्पा 9: सक्ती, गटागटाने

लॉगमध्ये एक पूर्ण नूतनीकरण चक्र पाहून घ्या. 30 दिवसांची सर्टिफिकेट असतील तर 30 दिवस. महिन्यातून एकदाच धावणारी कामे त्याशिवाय दिसत नाहीत.

सक्तीचा पहिला निर्णय ॲप्लिकेशनच्या थरात घ्या: ज्या ओळखी तयार आहेत त्यांच्यासाठी सर्टिफिकेट नसेल तर 403. हे क्लायंटगणिक चालू-बंद करता येते. सगळे गट आले की मगच ‘ऑप्शनल’चे ‘ऑन’ करा, तेही आधी एका एजवर.

‘ऑन’ करताना जे तुटते ते ठरलेले आहे. लोड बॅलन्सरच्या हेल्थ चेककडे सर्टिफिकेट नसते, त्याला वेगळा अंतर्गत पोर्ट द्या. ब्राउझरमधून दुसऱ्या डोमेनवर जाणाऱ्या कॉल्समध्ये कॉर्सची (दुसऱ्या डोमेनसाठी परवानगी विचारण्याच्या ब्राउझर-नियमाची) आधीची ऑप्शन्स विनंती सर्टिफिकेटशिवाय जाते. तिथे सक्ती ॲप्लिकेशनच्या थरातच ठेवावी लागेल.

सर्टिफिकेट नसल्यास हँडशेकमध्येच नकार देणारा सर्व्हर असेल (एनजिनएक्स त्याऐवजी 400 परत करतो), तर टीएलएस 1.3 मध्ये क्लायंटच्या बाजूने हँडशेक पूर्ण झालेला दिसतो आणि नकार पहिल्या वाचनाच्या वेळी येतो. त्यामुळे क्लायंटचे लोक ‘जोडणी होते, पण नंतर तुटते’ अशी तक्रार करतात आणि शोध नेटवर्कमध्ये सुरू होतो. त्यांना आधीच सांगून ठेवा: अलर्ट क्रमांक 116 म्हणजे सर्टिफिकेट हवे होते, ते आले नाही.

## टप्पा 10: सीए बदलण्याचा सराव

मधला सीए संपण्याच्या किमान एक वर्ष आधी, गडबड नसताना, हा क्रम एकदा पूर्ण चालवा:

1. नवा सीए सर्व एजच्या विश्वासयादीत टाका. जुना तसाच राहू द्या. नव्या सीएची सीआरएलही सोबत हवी. टप्पा 7 मधली अट इथे पुन्हा लागू होते.
2. नव्या सीएचे चाचणी सर्टिफिकेट घेऊन प्रत्येक एजवर वेगळी विनंती पाठवा. एकही एज राहिला असेल तर तिथे पोहोचणारा क्लायंट कधी चालेल, कधी नाही.
3. आता नवी सर्टिफिकेट नव्या सीएकडून द्यायला लागा.
4. लॉगमध्ये जुन्या इश्यूअरच्या ओळखी रोज मोजा. जुन्या सर्टिफिकेटची कमाल मुदत उलटेपर्यंत थांबा.
5. संख्या शून्य झाली आणि नकारयादीत जुन्या इश्यूअरची जिवंत नोंद उरली नाही, की जुना सीए यादीतून काढा आणि टप्पा 5 मधल्या आठही चाचण्या पुन्हा चालवा. ‘दुसऱ्या सीएचे’ या चाचणीत आता जुन्या सीएचेही एक सर्टिफिकेट घाला: ते नाकारले गेले पाहिजे.